वानखेडे सरांची पिवळी अक्षरं

सुधाकरचं नाव न घेता माझ्या धंद्याबद्दल लिहायचं, असं ठरवून मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा तो पहिल्या पानातच आला. तेव्हा आता लपवत नाही. वर्धेत मी बावीस वर्षं लोकांचे कम्प्युटर दुरुस्त करतोय, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं सुधाकरवर जळतोय. दोन्ही कामं नेमानं केली, एकातही खाडा नाही.

तो वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. आम्ही दोघं एकाच कम्प्युटर क्लासात शिकवायला होतो. क्लास बंद पडला तेव्हा मी आर्वी नाक्याजवळ गाळा घेतला, त्यानं नालवाडीत घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल मांडलं. माझ्या गाळ्याला पाटी आहे, पाटीला दिवा आहे. त्याच्याकडे पाटीसुद्धा नाही. तरी लोक माझ्या दारावरून गाडी नेत नालवाडीला जातात. एकानं तर थांबून मलाच त्याचा पत्ता विचारला. मी सांगितला, आणि बरोबर सांगितला, याचा मला अजून पस्तावा आहे.

माझी बायको म्हणते, "सुधाकरभाऊ म्हनजे सवत हाय तुमची." मी चिडतो, पण तिच्या म्हणण्यात काही खोट काढता येत नाही.

आता धंद्याबद्दल. माझ्या कामाची गंमत अशी, की ते नीट झालं तर कुणाला दिसत नाही. उदाहरण म्हणून एकच काम सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच कामाची आहे. आपण इंटरनेट ज्यातून पाहतो तो ब्राउझर. लोक त्यालाच इंटरनेट म्हणतात, आणि मीही आता त्यांची चूक काढायचं सोडलं आहे. हा ब्राउझर जुना झाला की एकेक वेबसाइट त्याला ओळख दाखवेनाशी होते. आधी वरच्या बाजूला सूचनेची पट्टी येते, मग अर्धं पान कोरं राहतं, आणि एक दिवस काहीच उघडत नाही. शिवाय जुन्या ब्राउझरला पडलेली भोकं कुणी बुजवत नाही, त्यातून चोर शिरतात. म्हणून तो वेळच्या वेळी नवा करावा लागतो.

नवा टाकायला पाच-दहा मिनिटं लागतात, ते कुणीही करतं. खरं काम त्याच्या आधीचं असतं. तुम्ही वर्षानुवर्षं जे जे करून ठेवलं आहे, म्हणजे पुन्हा चटकन उघडावीत म्हणून खुणा लावलेली पानं, साठवलेले पासवर्ड, अक्षरांचा आकार, उघडल्याबरोबर काय दिसावं ते, हे सगळं ब्राउझरच्या आत नसतं. ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, आणि तो फोल्डर सहजी दिसू नये असा ठेवलेला असतो. घर बदलताना भिंती मागे राहतात, पेटी सोबत न्यायची असते. ती पेटी कुठं आहे हे ठाऊक असणं, एवढीच माझी विद्या.

या पेटीला दोन ठिकाणी धोका असतो. जुना ब्राउझर काढताना तो एका बारीक चौकटीत विचारतो, तुमची माहितीपण पुसू का? घाईतला माणूस तिथं खूण करून मोकळा होतो. दुसरा धोका असा, की नवा ब्राउझर कधी कधी स्वतःची नवी, रिकामी पेटी उघडून बसतो. समोर सगळं कोरं दिसतं आणि माणूस डोक्याला हात लावतो, की माझं सारं उडालं. उडालेलं नसतं. जुनी पेटी तिथंच पडलेली असते, फक्त ती उचलून जागेवर ठेवायची असते.

म्हणून माझे तीन नियम आहेत. आधी त्या फोल्डरची नक्कल डी ड्राइव्हवर ठेवायची, आणि तिला नाव द्यायचं ‘राखीव’, पुढे त्या माणसाचं नाव. मग मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढायचा, आधी कसं दिसत होतं त्याचा. आणि काम झालं की ग्राहकाला खुर्चीत बसवायचं. त्यानं रोजच्या तीन गोष्टी स्वतः करून पाहिल्याशिवाय मी उठत नाही. मग मी म्हणतो, "पाहा, जसंच्या तसं." आणि ग्राहक म्हणतो, "मग तुमी केलं काय एवढा वेळ?"

आष्टीला खताबियाण्याचं दुकान असलेला एक गडी आहे. त्याच्या भाच्यानं ब्राउझर नवा करताना त्या चौकटीत खूण केली आणि सगळं पुसलं. मी गेलो. विचारलं, पासवर्ड किती आहेत?

"एकबी नाई."

"मग खाती कशी उघडता?"

"आपल्या आपन उघडत होते ना. त्याले मालूम होतं सारं." त्यानं कम्प्युटरकडे बोट दाखवलं. "मी कायले ध्यानात ठेवू?"

दोन दिवस मी एकेक खातं नव्यानं उघडत बसलो. त्यातली निम्मी एका जुन्या मोबाइल नंबरला बांधलेली, आणि ते सिम त्याच्या साळ्याकडे अमरावतीला. साळा शेतात गेला की आमचं काम थांबायचं. शेवटी सगळं लागलं, मी सामान आवरलं, घाम पुसला. तर तो म्हणतो कसा, "पन कामाचा मानूस म्हनजे सुधाकरभाऊ. मांगं प्रिंटर बंद पडलं होतं, आला अन् एका मिनिटात चालू करून देल्लं!"

प्रिंटरची वायर सैल झाली होती. मी आष्टीहून वर्धेपर्यंत गाडीवर एकटाच बडबडत आलो.

सुधाकरचं असंच आहे. त्याचं काम दिसतं. तो चहा पितो, घरच्यांची विचारपूस करतो, काम नसतानाही जाता जाता डोकावतो. मला वाटायचं हे सगळं धंद्याचं नाटक आहे, आणि मला ते जमत नाही म्हणून मी पवित्र. पुलगावच्या वानखेडे सरांच्या घरी तो घुसला, तेव्हा मात्र माझ्या पोटात खरोखर दुखलं.

वानखेडे सर गणिताचे शिक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना काचबिंदू आहे, त्यामुळे वर्तमानपत्राची बारीक अक्षरं दिसत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी मीच त्यांना कम्प्युटर जोडून दिला आणि सगळ्या वर्तमानपत्रांच्या खुणा एका ओळीत लावून दिल्या. तेव्हापासून रोज सकाळी अकरा वाजता सरांकडे वाचन असतं. कापडगिरणीतून निवृत्त झालेले चौघं येऊन बैठकीत बसतात आणि सर स्क्रीनवरून मोठ्यानं बातम्या वाचतात. चौघांपैकी एकाला वाचता येत नाही, दोघांना चष्मा सापडत नाही आणि चौथा फक्त वाद घालायला येतो. दिवाळीत बातम्यांना सुट्टी असते. तेव्हा सर दिवाळी अंकातला रोज एक लेख वाचतात, त्यातही हे ज्यात छापून येणार आहे तो आपल्या वर्धेचा अंक पहिला. तो छापूनही निघतो आणि इंटरनेटवरही येतो, सर अर्थात इंटरनेटवरचा घेतात. ते वाचन म्हणजे सरांची शाळाच आहे. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "अकरा वाजले का यायच्या अंगात जीव येते."

मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला आणि मी वीस दिवस अंथरुणात होतो. तेवढ्यात सरांचं काहीतरी अडलं. त्यांनी सुधाकरला बोलावलं. मी बरा होऊन गेलो, तर स्क्रीन काळी, आणि त्या काळ्यावर बोराएवढी पिवळी अक्षरं.

"पाह्य अरविंद, सुधाकरनं काय करून देल्लं!" सर लहान पोरासारखे खुश. "आता मले खुर्ची पुढं ओढा लागत नाई. इथूनच दिसते."

"ते सेटिंग असतेच सर त्यात. आधीपासून असते," मी म्हणालो.

"असते ना. पन कोनी लावून नव्हती देल्ली."

सरांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. मला टोचलं. नऊ वर्षं मी त्या घरी जात होतो. सर स्क्रीनला नाक लावून वाचतात हे मला दिसत होतं. पण कम्प्युटर बिघडलेला नव्हता, म्हणून मी काही केलं नाही. सुधाकरनं आल्या आल्या विचारलं होतं, "सर, तुमाले दिसते किती?" हे मला काकूंनी सांगितलं, आणि दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून मी सरांकडे गेलो की ती पिवळी अक्षरं माझ्याकडे पाहायची. माझ्या हातच्या खुणा वर एका कोपऱ्यात, आणि सगळ्या स्क्रीनभर सुधाकर.

या वर्षी सरांचा ब्राउझर फारच जुना झाला. आठातली तीन वर्तमानपत्रं उघडेनात. सरांनी फोन केला तो मला. सुधाकरला नाही, मला! मी हातातलं काम टाकून निघालो. पुलगावपर्यंत गाडी कशी नेली ते आठवत नाही.

गेलो तर सर आतल्या खोलीत डोळे मिटून पडलेले. सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. तपासायला थेंब टाकले होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत धूसरच दिसणार होतं. काकूंनी मला बैठकीत बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दाब वाढला म्हने डोयाचा. डॉक्टरनं जपा म्हनून सांगतलं. तेव्हापासून बोलूनच नाई राह्यले."

मी कामाला लागलो. सरांची मशीन जुनी, तिच्यावर सगळ्यात नवा ब्राउझर चालत नाही. अशा वेळी त्या मशीनला झेपेल अशी शेवटची आवृत्ती शोधावी लागते. ती शोधली. डी ड्राइव्हवर ‘राखीव – वानखेडे सर’ असा फोल्डर केला आणि सगळी पेटी त्यात ठेवली. त्या पिवळ्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढला. जुना ब्राउझर काढला, चौकटीत खूण केली नाही, नवा टाकला. अपेक्षेप्रमाणे तो रिकामी पेटी घेऊन उघडला. पांढरीफेक स्क्रीन, बारीक करडी अक्षरं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

मग मी राखीवमधून वर्तमानपत्रांच्या खुणा तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि नव्यात लावल्या. त्या माझ्या होत्या. त्यानंतर बाकीची पेटी जागेवर ठेवायची, दोन मिनिटांचं काम, आणि पिवळी अक्षरं परत आली असती.

माझा हात थांबला.

मला वाटलं, ही अक्षरं मी लावायची, मीच पुलगावपर्यंत यायचं, मीच सगळं राखायचं, आणि उद्या अकरा वाजता चौघांसमोर सर म्हणणार काय, तर सुधाकरनं करून दिलं. राहू दे. उद्या सर बसतील, अक्षरं बारीक दिसतील, ते मला फोन करतील. मग मी येईन आणि याहून मोठी, याहून चांगली अक्षरं लावून देईन. मग ती माझी होतील. माझा डाव एवढाच होता. सरांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. ते एक सकाळ अडले असते, बस.

आतून सरांनी विचारलं, "झालं का अरविंद? सारं जसंच्या तसं हाय ना?"

"जसंच्या तसं," मी म्हणालो.

बावीस वर्षं प्रत्येक कामाच्या शेवटी मी हेच म्हणत आलो आहे. तोंडातून सवयीनं निघालं. पण सवयीचं बोलणं खोटं असेल तर ते खोटंच. खुर्चीत बसवायचा नियम त्या दिवशी पाळता येत नव्हता, कारण सरांच्या डोळ्यांत थेंब होते. खरं सांगायचं तर तो पाळता येत नाही याचं मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन खिशात न ठेवता टेबलावर ठेवला. अकरा वाजले, बारा वाजले. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग माझ्या डोक्यानं काय काढावं? सरांनी सुधाकरला बोलावलं असणार! मी मनातल्या मनात सुधाकरला त्या बैठकीत बसवलं, त्याच्या हातात चहा दिला आणि दिवसभर त्याच्यावर चिडलो. एक फोन करून विचारायचं, तर तेही नाही. मी का विचारू, असं.

सहाव्या दिवशी काकूंचा फोन आला.

"अरविंद, कम्प्युटर कोनाले इकता येते का रे बापा? तुह्या पाह्यन्यात कोनी हाय का?"

"काऊन काकू? काय झालं?"

"डोये गेले त्यायचे. त्या दिवशी थेंब टाकले, ते उतरलेच नाई म्हनते. दुसऱ्या दिवशी बसले वाचाले, तं काईच दिसेना. अक्षर मुंगीवानी दिसते म्हनते. मानसं येऊन बसले होते समोर. हे उठले अन् त्या कम्प्युटरवर चादर टाकून देल्ली. मानसायले म्हनलं, उद्यापासून येऊ नोका."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्या म्हनलं, पिवळं जाऊन पांढरं झालं, अरविंदले इचारून पाहू का, त्याच्या कामात काई राह्यलं असन. तं माह्यावरच चिडले. म्हने, अरविंद सारं जसंच्या तसं करून गेला, तो खोटं कायले बोलन? माहेच डोये हायेत."

तेव्हा फोनवर एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. काकू, डोळे ठीक आहेत, अक्षरं मी लावली नाहीत. पण ते बोललो, की पुढचा प्रश्न येणार होता, काऊन नाई लावली? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "रविवारी येतो काकू. तेव्हापर्यंत विकू नका."

तो गुरुवार होता. गुरुवार ते रविवार मी काय करत होतो? तर गुपचूप कसं निस्तरायचं ते ठरवत होतो. धूळ साफ करायला आलो म्हणेन, दोन मिनिटांत पेटी जागेवर ठेवेन, आणि म्हणेन, सर, जरा बसून पाहा बरं. माझी लाज वाचावी म्हणून एक माणूस आणखी दोन-तीन दिवस स्वतःला आंधळा समजत बसला. या बावीस वर्षांत मी मशिनींच्या बाबतीत बऱ्याच चुका केल्या, दोन हार्डडिस्क माझ्या हातून गेल्या आहेत. त्यांचं मला इतकं कधी लागलं नाही.

रविवारी अकराच्या सुमारास मी पुलगावला सरांच्या फाटकाशी गाडी लावली. हेल्मेट काढलं आणि आतून आवाज ऐकू आला. सर वाचत होते, मोठ्यानं, मधे थांबून शेरे मारत. वाद घालणारा वाद घालत होता. फाटकाच्या आत सुधाकरची जुनी स्कूटी उभी होती.

मला हायसं वाटायला हवं होतं. सरांचे डोळे ठीक, वाचन सुरू, माणसं परत आलेली. वाटला तो हेवाच. तो आधी वाटला, हायसं नंतर वाटलं, आणि मधलं ते अर्धं मिनिट मी फाटकाला धरून उभा होतो. ते अर्धं मिनिट मी विसरू शकत नाही.

"ये अरविंद, ये!" सरांनी मला पाहिलं. त्यांच्यामागे स्क्रीन काळी, अक्षरं पिवळी. सुधाकर खाली चटईवर, हातात कच्च्या चिवड्याची बशी. "तुह्यीच गोष्ट चालू होती. काल सुधाकर सहज आला, चादर पाहून म्हने काय झालं. मंग त्यानं सांगतलं. तुनं सारं राखून ठेवलं होतं म्हने त्यात, माह्या नावानं. नव्या ब्राउझरले जुनं सामान उचलाले आठ-दहा दिवस लागतेच म्हने. मी फुकट घाबरून गेलो!"

चौघांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. काकूंनी मला सुधाकरपेक्षा मोठी बशी दिली. सर चौघांना सांगू लागले, की याला म्हणतात शिस्त, माझ्या वर्गात असता तर मॉनिटर केला असता. नऊ वर्षं ज्या कौतुकाची मी वाट पाहिली ते असं एकदम आलं, सुधाकरच्या खोट्यावर बसून. सुधाकर निघायला उठला, तशी मी बशी खाली ठेवली.

बाहेर फाटकाशी सुधाकर स्कूटी काढत होता. मी त्याच्यामागे गेलो.

"इसरलो बे मी," मी म्हणालो. "बाकीचं लावाचं राह्यलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खुना तेवढ्या येगळ्या काढून लावल्या होत्या तुनं. राखीवच्या बाजूले त्यायची फाइल पडली होती." मग किल्ली लावत म्हणाला, "इसरनारा मानूस सारंच इसरते अरविंद."

मी फाटक उघडून धरलं.

"मी नाई सांगत कोनाले. पन सात दिवस त्यायनं कसे काढले असन, ते तू इचार कर. आन कधी तरी तूच सांगजो त्यायले." स्कूटी सुरू करून तो निघाला, थोडा पुढे जाऊन थांबला आणि मागे वळून म्हणाला, "फोल्डरचं नाव झकास देतं बे तू. मीबी आता तसंच ठेवीन."

मी त्याच्यावर आजही जळतो. आधी त्याच्या गिऱ्हाइकांवर जळायचो, आता त्याच्या मनावर जळतो. माझी चूक हातात सापडली असताना ती झाकायची हे त्याला सुचलं. त्याची चूक माझ्या हातात सापडली असती तर मी आर्वी नाक्यावर पाटीखाली लावली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सरांना सांगितलं, की नजर होती तेवढीच आहे, औषधानं दाबही उतरला आहे. त्यानंतर मी तीनदा पुलगावला गेलो. तिन्ही वेळा सांगायचं ठरवून गेलो, चहा पिऊन परत आलो. आता नव्या ग्राहकाकडे गेलो की आधी विचारतो, तुम्हाला दिसतं किती, ऐकू येतं किती, हात थरथरतो का. लोकांना आवडतं. ही सवय कुणाची उचलली ते मी त्यांना सांगत नाही.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात गमतीजमती असणार. मी त्यांना हाच लेख दिला आणि यातलं काही काढू नका म्हणून सांगितलं.

कारण सर, दिवाळीत अकरा वाजता हा लेख तुमच्यासमोर येईल. चौघं समोर बसलेले असतील, काकू दाराशी असतील. मला तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून तुमच्याच तोंडून वदवतो आहे. हाही माझा भित्रेपणाच. तुमचे डोळे गेले नव्हते सर. अक्षरं मी ठेवून घेतली होती, आणि जसंच्या तसं म्हणून तुमच्याशी खोटं बोललो होतो. हे तुम्ही आत्ता खुर्ची पुढे न ओढता, न अडखळता वाचलं असेल, तर ते सुधाकरमुळे.